पहिल्या डाय कोणत्या घ्याव्यात: .३०८ रायफल आणि .३५७ रिव्हॉल्व्हर

ओहायोत राहणाऱ्या एका मराठी इंजिनिअरचा प्रश्न आहे. ग्रीनकार्ड झालंय, हातात .३०८ विंचेस्टरची बोल्ट ॲक्शन रायफल आणि .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर आहे, दोन वर्षांच्या रिकाम्या पुंगळ्या डब्यात जपून ठेवल्यात. त्या घरी परत भरायला साधी सिंगल स्टेज प्रेस घेऊन झाली आणि गाडी डायपाशी, म्हणजे प्रेसमध्ये बसवून पुंगळीला आकार देणाऱ्या साच्यांपाशी, अडली. "फुल लेंग्थ, नेक, स्मॉल बेस, बुशिंग, मायक्रोमीटर सीटर, कार्बाइड, तीनचा संच, चारचा संच... दुकानदार मॅच ग्रेडचा महागडा संच पुढे करतो. रेंजवरचे जुने लोक म्हणतात, बोल्ट ॲक्शन असेल तर फक्त नेक सायझिंग कर. नवख्यानं नेमकं काय घ्यावं?"

अमेरिकेत येण्याआधी मी अकरा वर्षं पिंपरीच्या एका टूलरूममध्ये पंच आणि डाय बनवल्या. इथे येऊन काडतुसं भरायला लागून आता अठरा वर्षं झाली. त्यामुळे हा प्रश्न माझ्या दोन्ही आयुष्यांना एकदम हात घालतो, आणि उत्तर थोडं लांबेल.

आधी थेट सांगतो. .३०८ साठी साधा, दोन डायचा फुल लेंग्थ संच घ्या. रिव्हॉल्व्हरसाठी .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम दोन्हीला चालणारा कार्बाइड संच घ्या, आणि क्रिंपची (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळायची) डाय वेगळी असलेला, म्हणजे चार डायचा घ्या. मॅच ग्रेडच्या संचावर जाणारे पैसे वाचवून त्यातून एक चांगला वर्निअर, खांद्याचं (पुंगळीच्या मानेखालच्या उताराचं) माप घेणारा कंपॅरेटर आणि पुंगळ्या कापायचा ट्रिमर घ्या. पुढचं सगळं लिखाण असं का, हे सांगण्यासाठी आहे.

काडतुसाचे चार भाग तुम्हाला माहीत आहेत: पितळी पुंगळी, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), पावडर आणि गोळी. यातले तीन एकदाच कामी येतात. परत वापरली जाते ती फक्त पुंगळी, आणि डायचा सगळा व्यवहार तिच्याशी आहे. बार उडाला की आतल्या दाबानं पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलमधल्या काडतूस बसायच्या जागेच्या, भिंतीला चिकटतं, दाब उतरला की किंचित आक्रसतं. बाहेर येते ती पुंगळी म्हणजे तुमच्या रायफलच्या चेंबरचा जवळजवळ हुबेहूब साचा. ती परत चेंबरमध्ये सहज जाईल आणि नवी गोळी मानेत घट्ट धरेल इतपत तिला आवळायचं, हे सायझिंग डायचं काम. नवी गोळी ठरल्या खोलीवर सरळ बसवायची, हे सीटिंग डायचं. बाकी सगळे प्रकार या दोन कामांच्या पोटात येतात.

आता तुमचा मुख्य पेच, फुल लेंग्थ की नेक. फुल लेंग्थ डाय पुंगळीचं अंग, खांदा, मान सगळंच आवळते. नेक डाय फक्त मान आवळते, अंगाला आणि खांद्याला हात लावत नाही. त्यामागचा विचार चुकीचा नाही. पुंगळी तुमच्याच चेंबरमध्ये फुगलेली आहे, ती त्याच चेंबरमध्ये परत जाणार, मग उगाच कशाला दाबायची? पितळावर ताण कमी येतो, ते जास्त टिकतं. पण दर बाराला पितळ थोडं थोडं वाढत जातं. तीन-चार वेळा भरल्यावर बोल्ट बंद करताना हाताला जोर लागायला लागतो, आणि मग शेवटी फुल लेंग्थ डाय काढावीच लागते. म्हणजे नेक डाय घेतलीत तरी दुसरी घ्यायचीच आहे. शिवाय नवख्यासाठी महत्त्वाचं असं की, बोल्ट जड बंद होतोय तो वाढलेल्या पितळामुळे, लांब झालेल्या मानेमुळे की वर बसवलेल्या गोळीमुळे, हे ओळखायला अनुभव लागतो. तो येईपर्यंत या अडचणीचं एक कारण तरी कमी असू द्या. आजकाल लांब पल्ल्याच्या स्पर्धांतले बहुतेक नेमबाजसुद्धा फुल लेंग्थ डायच वापरतात. ते फक्त ती नीट लावतात.

'नीट लावतात' हे दोन शब्द सोपे वाटले तरी या उत्तराचा जीव त्यातच आहे.

डायबरोबर एक कागद येतो. त्यावर लिहिलेलं असतं: रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा खांब) वर करा, डाय शेल होल्डरला (रॅमवरच्या, पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत फिरवा, मग रॅम खाली करून आणखी आठवा ते पाव आटा, म्हणजे फेरा, फिरवा. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. या पद्धतीनं पुंगळी त्या डायच्या किमान मापावर येते, म्हणजे कुठल्याही .३०८ रायफलमध्ये जाईल अशी. पण माझ्या रायफलचं चेंबर लांबीला मोठ्या बाजूचं होतं. मर्यादेच्या आतलं, पूर्ण निर्दोष, फक्त मोठं. त्यामुळे दर वेळी माझी डाय खांदा आठ थाऊ मागे ढकलत होती. (आपल्या वर्कशॉपमधला थाऊ, इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरमध्ये वाढलेल्यांनी इथे इंचाची सवय करून घ्यावी, सगळी पुस्तकं त्यातच आहेत.) खांदा मागे गेलेली पुंगळी चेंबरमध्ये ढिली बसते. बार उडाला की तिचा पुढचा पातळ भाग भिंतीला चिकटतो, बूड मात्र मागे बोल्टपर्यंत सरकतं, आणि ती आठ थाऊची भरपाई बुडाच्या वरच्या भिंतीतून ताणून होते. पाचव्या भरणीनंतर पुंगळ्यांच्या बुडाच्या वर, साधारण बोटाच्या पेरभर अंतरावर, एक चकचकीत कडं दिसायला लागलं. टोकाला वाकवलेली पातळ तार आत घालून भिंतीवरून ओढली तर ती त्या जागी अडकत होती. एक पुंगळी हॅक-सॉनं उभी चिरली. आतून भिंतीत गोल खाच पडलेली, पितळ निम्म्याहून कमी उरलेलं. पुढच्या एखाद्या बाराला ती तिथून तुटून दोन तुकडे झाले असते, आणि तप्त वायू मागे माझ्या चेहऱ्याकडे आला असता. त्या दिवशी तो सगळा लॉट भंगारात टाकला.

डाय साधी होती, स्वस्त होती, आणि तिच्यात काहीही दोष नव्हता. दोष माझ्या लावण्यात होता. सगळ्यात महागडी मॅच डायही मी तशीच लावली असती तर हेच झालं असतं.

आता कशी लावायची. तुमच्या रायफलमधून उडवलेल्या चार-पाच पुंगळ्या घ्या. त्यांचे जुने प्रायमर आधी काढा, कारण बाहेर आलेला प्रायमर माप खोटं दाखवतो. यासाठी वेगळी डीकॅपिंग डाय मिळते, किंवा फुल लेंग्थ डाय बरीच वर ठेवून फक्त तिच्या पिननं काम भागतं. मग वर्निअरला कंपॅरेटर लावून बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घ्या. .३०८ मध्ये ते खांद्यावरच्या ०.४०० इंच व्यासाच्या रेषेपर्यंत मोजतात. आलेला आकडा वहीत लिहा. तो तुमच्या चेंबरचा आकडा आहे, शेजाऱ्याच्या रायफलचा वेगळा येईल. कंपॅरेटर वेगळा असेल तर तोच आकडा दोन-तीन थाऊ इकडेतिकडे दिसेल, त्यानं बिघडत नाही. आपल्याला फरक हवा आहे.

मग डाय शेल होल्डरला टेकवून अर्धा-पाऊण आटा वर घ्या, पुंगळीला मेण लावा, सायझ करा, मोजा. पहिल्यांदा एक गोष्ट गोंधळात टाकेल: माप कमी होण्याऐवजी एक-दोन थाऊ वाढलेलं दिसेल. घाबरू नका. डाय आधी अंग आवळते, आवळलेलं पितळ कुठेतरी जाणार, ते खांद्याला पुढे ढकलतं. डाय आणखी खाली आली की खांद्याला लागते आणि मग माप उतरायला लागतं. बोल्ट ॲक्शनमध्ये मूळ मापापेक्षा दोन थाऊ कमी झालं की थांबा. सेमी ऑटोमॅटिक असती तर तीन ते पाच म्हटलं असतं, कारण तिथे बोल्ट बंद करायला हात नसतो, स्प्रिंग असते.

किती फिरवायचं याचा अंदाज हवा म्हणून हिशेब सांगतो. जवळजवळ सगळ्या डायचे आटे सारखेच असतात, सात-अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला १४ आटे. म्हणून एका कंपनीची डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये बसते. (.५० बीएमजीसारखी राक्षसी काडतुसं सोडून.) एक पूर्ण फेरा म्हणजे इंचाचा चौदावा भाग, सुमारे ७१ थाऊ. ३६० अंशांत ७१ थाऊ, तर एका थाऊला साधारण पाच अंश. तुम्हाला दोन थाऊ हलवायचे असतील तर डाय फक्त दहा अंश फिरवायची, घड्याळात मिनिटकाटा दोन मिनिटांत सरकतो त्याहून कमी. कागदावरचा 'आठवा आटा' म्हणजे नऊ थाऊ! हे एकदा लक्षात आलं की डायच्या डोक्यावर मार्करनं रेघ का मारतात ते कळतं.

माप लागलं की लॉक रिंग (डाय जागेवर पकडणारी कडी) घट्ट करा, आणि पुढच्या वेळी डाय काढताना ती रिंग धरून काढा. इथे कंपन्यांमध्ये खरा फरक पडतो. ली कंपनीच्या रिंगमध्ये रबरी ओ-रिंग असते. ती डायवर पक्की बसत नाही, काढ-घालीत माप हलू शकतं. हॉर्नडी आणि फॉर्स्टरच्या रिंगा चिरलेल्या असतात आणि आडव्या स्क्रूनं डायला आवळल्या जातात. मी ली च्या डाय आजही वापरतो, पण त्यांच्यावर दुसऱ्या कंपनीच्या आवळणाऱ्या रिंगा चढवल्यात. काही डॉलरचं काम आहे आणि मनाचा घोर जातो.

शेल होल्डर बदलू नका हेही सांगून ठेवतो. माप त्याच्या उंचीवर अवलंबून असतं, आणि दोन शेल होल्डरमध्ये दोन-चार थाऊंचा फरक सहज सापडतो. ज्या प्रेसवर, ज्या शेल होल्डरवर डाय लावली, त्याच जोडीवर ती खरी. नंबरांच्या बाबतीतही सावध राहा. .३०८ ला आरसीबीएसचा ३ नंबर लागतो, तर ली चा २. डब्यावरचा तक्ता बघूनच घ्या. ली च्या संचात शेल होल्डर बहुधा येतो, बाकीच्यांत वेगळा घ्यावा लागतो, आणि नवखा माणूस शनिवारी सगळं मांडून बसल्यावर त्याला हे कळतं.

मेणाबद्दल. .३०८ सारख्या बाटलीच्या आकाराच्या पुंगळीला सायझिंगआधी मेण किंवा तेल लावावंच लागतं. रायफलची डाय कार्बाइडची असली की लागत नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो; तिलाही लागतंच. मेण कमी पडलं की पुंगळी डायमध्ये अडकते, प्रेसचा दांडा ओढल्यावर बुडाची कड फाटून येते आणि पुंगळी आतच राहते. अडकलेली काढायचा संच मिळतो. बुडात भोक पाडून आटे पाडायचे आणि बोल्टनं ओढून काढायची. टूलरूमवाल्याला हे काम नवीन नाही, पण डायच्या आतल्या पॉलिशवर ओरखडा आला तर तो पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो. मेण जास्त झालं तर खांद्यावर खड्डे पडतात, कारण तेल दबत नाही, पितळ दबतं. रेडिंगचं डबीतलं इंपीरियल मेण मला सगळ्यात बरं वाटतं. बोटाला हलका ओशटपणा जाणवेल इतकंच, अंगाला लावा, खांद्याला नको, आणि दर काही पुंगळ्यांनी मानेच्या आतून थोडं फिरवा.

मानेच्या आतून का? फुल लेंग्थ डायच्या मध्ये एक दांडी असते, तिच्या टोकाला प्रायमर काढणारी पिन आणि वर एक्स्पांडर नावाचा गोळा. डाय मान जरा जास्तच आवळते, आणि पुंगळी बाहेर येताना तो गोळा ती आतून परत योग्य मापाला उघडतो. मान कोरडी असली तर गोळा करकरत निघतो, मान ओढली जाते आणि किंचित वाकडी होते. हातावर तो करकर आवाज जाणवला की थांबा आणि मेण लावा.

हाच गोळा टाळण्यासाठी बुशिंग डाय निघाल्या. त्यात मान आवळणारी रिंग बदलता येते. भरलेल्या काडतुसाच्या मानेचा बाहेरचा व्यास मोजायचा, समजा ०.३३६ इंच आला, तर दोन-तीन थाऊ कमी म्हणजे ०.३३४ किंवा ०.३३३ ची बुशिंग लावायची. मान हवी तेवढीच आवळली जाते. छान कल्पना आहे, मी स्पर्धेच्या रायफलसाठी वापरतो. पण तिचा फायदा तेव्हाच मिळतो जेव्हा सगळ्या पुंगळ्यांच्या मानेची जाडी सारखी असते, म्हणजे एका कंपनीच्या, एका लॉटच्या पुंगळ्या. तुमच्या डब्यात दोन वर्षांची वेगवेगळ्या कंपन्यांची मिसळ आहे. साध्या डायचा गोळा मान आतून उघडतो, त्यामुळे जाडीचा फरक बाहेर जातो आणि गोळीवरची पकड त्यातल्या त्यात सारखी राहते. मिसळीच्या पुंगळ्यांना साधी डायच अधिक मानवते. दुकानदारानं हे सांगितलं नसणार.

त्याच डब्यात ७.६२ नाटोच्या लष्करी पुंगळ्या असतील तर बाजूला काढा. त्यांच्या भिंती जाड असतात, आत जागा कमी, म्हणून तेवढ्याच पावडरला दाब जास्त येतो. प्रायमरही कडेनं चेपून बसवलेला असतो, ती चेप काढल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही. पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका.

स्मॉल बेस डाय बुडाजवळचा भाग नेहमीपेक्षा जास्त आवळते. ती सेमी ऑटोमॅटिकवाल्यांसाठी आहे, त्यांनाही दर वेळी लागते असं नाही. तुम्हाला नको.

आता सीटिंग डाय. साध्या संचातल्या सीटिंग डायच्या आत क्रिंप करायची एक पायरी असते, आणि नवखे लोक इथे फसतात. डाय फार खाली लावली की ती पायरी पुंगळीच्या तोंडावर दाबते, तोंड आधीच गोळीनं भरलेलं, मग दाब खाली जातो आणि खांदा फुगतो. डोळ्यांना दिसतही नाही, पण काडतूस चेंबरमध्ये जात नाही. म्हणून रॅमवर पुंगळी ठेवून वर करा, डाय हातानं फिरवत आणा, तोंडाला टेकल्याचं जाणवलं की एक पूर्ण फेरा उलटा घ्या आणि तिथे लॉक करा. बोल्ट ॲक्शन .३०८ ला क्रिंपची गरज नसते. गोळीची खोली वरच्या स्क्रूनं ठरवा. मायक्रोमीटर सीटरवर ती आकडे फिरवून ठरते, साध्यावर फिरवा, मोजा, फिरवा असं करावं लागतं. फरक सोयीचा आहे. एकाच गोळीनं भरणार असाल तर एकदा लावलेला साधा सीटर वर्षभर हलवावा लागत नाही. आकडे लक्षात ठेवा: .३०८ ची काडतुसाची कमाल लांबी २.८१० इंच, पुंगळीची कमाल २.०१५, ती ओलांडली की २.००५ ला कापायची. पुंगळी लांब राहिली तर तोंड चेंबरच्या पुढच्या कडेत दाबलं जातं आणि गोळी सुटायला अडते, दाब धोक्याच्या पातळीवर जातो. ट्रिमरला मी डायच्या रांगेत बसवतो तो यामुळे.

एक बारीक गोष्ट. लांब, टोकदार मॅच गोळ्या वापरणार असाल तर सीटरच्या दांडीचा खळगा त्यांना जुळतो का बघा. टोक खळग्याच्या तळाला टेकत असेल तर गोळीला कडं उमटतं आणि खोली पुढेमागे होते. बऱ्याच कंपन्या त्या गोळीसाठी वेगळी दांडी विकतात, अख्खी डाय बदलायची गरज नाही.

रिव्हॉल्व्हरकडे येऊ. खरं सांगायचं तर तुम्ही सुरुवात रायफलनं न करता .३८ स्पेशलनं करावी असं मला मनापासून वाटतं. पुंगळी सरळ नळीसारखी, खांदा नाही, खांद्याचं माप नाही. कड असल्यामुळे काडतूस कडेवर टेकतं. कार्बाइड डाय घेतली की मेणही नको: टंगस्टन कार्बाइडची घासूनपुसून चकचकीत केलेली रिंग इतकी कडक आणि गुळगुळीत असते की पितळ तिच्यावर चिकटत नाही. हॉर्नडी टायटॅनियम नायट्राइडचा लेप देते, कामाला तेही तसंच. जुन्या बाजारात साध्या पोलादाच्या पिस्तूल डाय स्वस्तात मिळतात. मोहात पडू नका, दर पुंगळीला मेण लावून परत पुसायचा कंटाळा पहिल्या महिन्यात येतो. कार्बाइड ठिसूळ असतं एवढं ध्यानात ठेवा. शेल होल्डर रिंगवर आदळू देऊ नका, दोघांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवा.

या संचात दुसरी डाय तोंड उघडायची असते. पुंगळीचं तोंड किंचित फुलवते, म्हणजे गोळी आत शिरताना शिसं खरवडलं जात नाही. गोळी बोटानं ठेवली की न पडता उभी राहील, इतकंच फुलवा. जास्त फुलवलं तर दहा-बारा भरण्यांत तोंडाला उभी चीर जाते.

चौथी डाय, क्रिंपची, वेगळी का हवी? रिव्हॉल्व्हरमध्ये पहिला बार उडाला की बाकीच्या पाच काडतुसांना मागे झटका बसतो. पुंगळी कडेनं अडकलेली, गोळी मात्र जडत्वानं पुढे सरकते. बरीच सरकली तर सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचं बंद होतं. म्हणून पुंगळीचं तोंड गोळीवरच्या खाचेत वळवतात, तो रोल क्रिंप. तीनच्या संचात गोळी खाली जात असतानाच तोंडही वळत असतं. पुंगळ्यांची लांबी थोडी कमीजास्त असली की काहींना क्रिंप जास्त, काहींना कमी, आणि जास्तवाल्यांत तोंड शिशात रुततं. गोळी आधी बसवून, मग वेगळ्या डायनं क्रिंप केला की दोन्ही कामं नीट होतात, आणि हाताखाली काय घडतंय ते नवख्याला स्वतंत्र कळतं. उद्या ९ एमएम पिस्तूल घेतलंत तर त्याला रोल क्रिंप कधी करू नका. ते काडतूस तोंडाच्या कडेवर टेकतं, कड वळवली की टेकायला जागा उरत नाही. त्याला टेपर क्रिंप, फुलवलेलं तोंड परत सरळ होईल इतकाच.

.३८ आणि .३५७ एकाच संचात होतात, पण पुंगळीची लांबी १.१५५ आणि १.२९० इंच, म्हणजे १३५ थाऊंचा फरक. फुलवायची, बसवायची आणि क्रिंपची, अशा तिन्ही डाय परत लावाव्या लागतात. म्हणून एक काहीतरी निवडा आणि वर्षभर तेच भरा. आणि ही गोष्ट कळकळीनं सांगतो: .३८ च्या मोठ्या पोटात पावडर इतकी थोडी पडते की चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरून वाहत नाही. सगळ्या पुंगळ्या पावडर पडल्यावर ठोकळ्यात उभ्या करा आणि गोळी ठेवण्याआधी दिव्याखाली प्रत्येकीत डोकावून पाहा. पावडरचे आकडे मी इथे देणार नाही. ते पावडर आणि गोळी बनवणाऱ्यांच्या छापील पुस्तकातून घ्या, किमान आकड्यापासून सुरू करा, आणि .३५७ चा आकडा .३८ च्या पुंगळीत कधीही घालू नका.

कंपनी कोणती, याचं उत्तर मी मुद्दाम मागे ठेवलं. आरसीबीएस फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी सुरू केली. रिकाम्या .२२ पुंगळ्यांपासून गोळ्यांचं आवरण दाबून काढायची डाय हे त्यांचं पहिलं काम, आणि 'रॉक चक बुलेट स्वेज' या तिच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे आरसीबीएस. मला हा इतिहास फार आवडतो, कारण तो आमच्या धंद्यातल्या माणसाचा आहे. विस्कॉन्सिनच्या हार्टफर्डची ली सगळ्यात स्वस्त, नेब्रास्काच्या ग्रँड आयलंडची हॉर्नडी मधली, न्यू यॉर्कमधल्या कॉर्टलंडची रेडिंग आणि इलिनॉयची फॉर्स्टर आतल्या फिनिशिंगमध्ये वरचढ. यांतल्या कुणाचाही साधा संच घेतलात तरी तो तुमच्या हातापेक्षा अचूक काम करेल. मला विचाराल तर .३०८ ला रेडिंग किंवा आरसीबीएस, .३८/.३५७ ला ली चा चारचा कार्बाइड संच. पहिले दोन जरा महाग, तिसरा स्वस्त, आणि बेरीज तुमच्या त्या मॅच संचाच्या बरीच खाली राहते.

नव्या डायच्या आत गंज लागू नये म्हणून तेल असतं. वापरण्याआधी सगळे भाग सुटे करून ते धुऊन पुसा, नाहीतर पहिल्याच पुंगळीला खांद्यावर खड्डा पडेल आणि तुम्ही मेणाला दोष द्याल. काम झाल्यावर हात साबणानं धुवा. जुन्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, ते टेबल घरातल्या लहान मुलांपासून लांब ठेवा.

शेवटी कायद्याचं, कारण आपल्या लोकांना हे कुणी सांगत नाही. अमेरिकेत स्वतःसाठी काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरायची तर लागतो. राज्याचे नियम वेगळे तपासा. तुमचं ग्रीनकार्ड आहे म्हणून ठीक. पण एच-१बी सारख्या व्हिसावरच्या मित्राला बरोबर घेऊन बसणार असाल तर थांबा: अशा व्हिसावरच्या माणसाला, शिकारीचा वैध परवाना वगैरे अपवाद सोडले तर, बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला संघराज्याच्या कायद्यानं मनाई आहे.

भारतात तर हे सगळंच वेगळं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री येते. म्हणजे तुमची डाय, तुमची प्रेस आणि तुमची रिकामी पुंगळीसुद्धा. पुण्यातल्या भावाला दाखवायला म्हणून काही नेऊ नका. आणि रेंजवर जी पाठपिशवी नेता ती मुंबईच्या प्रवासाला वापरू नका. मी दर वेळी घरातून निघण्याआधी जॅकेटचे खिसे उलटे करतो, बुटांच्या आतही बघतो. दोन वर्षांपूर्वी विमानतळाकडे निघायच्या तासभर आधी जॅकेटच्या अस्तरात, फाटक्या खिशातून खाली घसरलेली, एक .३०८ ची पुंगळी मला सापडली होती.